पैसा असतो, पण त्याच्यावर नाव लिहिलेले असते : नगरपरिषदेचा खर्च, उपविधी आणि आरक्षित जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घरासमोरचा रस्ता दोन वर्षांत दोनदा झाला. त्याच प्रभागातली बागेसाठी आरक्षित जागा मात्र त्यांच्या लहानपणापासून बाभळींनी भरलेली आहे. यंदा चतुर्वार्षिक आकारणीत घरपट्टी वाढून आली, कचऱ्यासाठी वेगळे शुल्क सुरू झाले आणि आता जुनी भाजी मंडई पाडून तिथे व्यापारी संकुल बांधण्याचे घाटते आहे. हे सगळे कोण ठरवते, कशाच्या आधारावर ठरवते आणि सामान्य माणसाने तोंड उघडायचे ते नेमके केव्हा, असे त्यांनी विचारले आहे. मी नगरपरिषद सेवेत लेखा विभागातून सुरुवात केली आणि मुख्याधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे उत्तराला पैशाच्या बाजूने हात घालतो. बाकीच्या प्रश्नांची मुळे बहुतेक तिथेच सापडतात.

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाने चालतात. एक लाखावर लोकसंख्या असली की ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे जून १९९३ पासून, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय शहरांच्या स्थानिक संस्थांसाठी म्हणून ठरले. विषय आले, पण त्यांच्यामागून हक्काचा पैसा त्या प्रमाणात आला नाही. उलट १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. जकात नाक्यावर रोज संध्याकाळी रोकड मोजणारी नगरपरिषद त्या दिवसापासून पगारासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसू लागली. आजही लहान नगरपरिषदेत पगार झाला की नाही याचे उत्तर अनुदान आले की नाही यावर अवलंबून असते.

नगरपरिषदेत पैसा नसतो, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पैसा येतो, पण बहुतेक पैसा येतानाच कपाळावर नाव लिहून घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचे उदाहरण घ्या. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना मिळणाऱ्या रकमेतला ६० टक्के भाग बंधित होता : त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्य जलसंधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार किंवा आस्थापना खर्च करता येत नव्हता. नगरोत्थान, नागरी दलित वस्ती सुधारणा, रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण कामे, अमृत योजना, प्रत्येकाचे लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातले खाते, वेगळे, अटी वेगळ्या, उपयोगिता प्रमाणपत्र वेगळे. रस्त्याच्या अनुदानातून बागेची जमीन घेता येत नाही आणि पाण्याच्या पैशातून शाळेचे छप्पर बदलता येत नाही. तसे केले की स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघतो, आणि तो आक्षेप पुढच्या तीन मुख्याधिकाऱ्यांच्या मागे लागतो.

स्वतःचा म्हणावा असा पैसा म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीतून येणारे विकास शुल्क आणि अधिमूल्य. त्यातून आधी पंपांचे वीजबिल जाते, मग कंत्राटी सफाई कामगार, घंटागाड्यांचे डिझेल, तुरटी आणि क्लोरीन. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावे लागतात. हे सगळे भागवून जे हातात उरते, तेवढ्यापुरताच सभागृहाचा खरा निर्णयाधिकार असतो. नगरसेवक ज्या रकमेवर तासन् तास भांडतात ती बहुधा हीच असते, कारण बाकीच्या रकमेवर भांडून उपयोग नसतो.

आता दोनदा झालेल्या रस्त्याकडे येऊ. जिल्हाधिकारी कार्यालयातून फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतो की अमुक योजनेत निधी शिल्लक आहे, आठवड्याभरात प्रस्ताव द्या. त्या आठवड्यात तयार होऊ शकते असे एकच काम असते, ते म्हणजे रस्ता. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, त्यावर दरसूचीचा दर लावला की अंदाजपत्रक तयार. जमीन लागत नाही, कोणाची हरकत येत नाही, तांत्रिक मान्यता पटकन मिळते. नगर अभियंत्याच्या कपाटात अशी आठ-दहा अंदाजपत्रके नेहमीच तयार असतात आणि निधी आला की वरचे एक बाहेर निघते. दुसरीकडे पाणीपुरवठा योजनेचा प्रकल्प अहवाल दोन-अडीच वर्षे वरच्या मान्यतांमध्ये फिरत असतो. तो मंजूर होऊन येतो तेव्हा रस्ता नवा कोरा असतो. जलवाहिनी टाकायला तो फोडतात, आणि जलवाहिनीच्याच अंदाजपत्रकात ‘रस्ता पूर्ववत करणे’ अशी बाब असते, म्हणून तो पुन्हा होतो. दोन लेखाशीर्षे, दोन निविदा, दोन्ही नियमाला धरून. लेखापरीक्षकाला यात काहीही चुकीचे सापडत नाही, आणि मला अख्ख्या नोकरीत याइतके दुसरे काही खटकले नाही.

याला मोठा इलाज माझ्याकडे नव्हता, पण एक लहान इलाज होता. मी अभियंत्याला गावाच्या नकाशावर येत्या तीन वर्षांत जिथे जिथे खोदकाम होणार आहे ते रस्ते लाल पेन्सिलीने रंगवायला सांगत असे आणि लाल रस्त्याचा प्रस्ताव पाठवायचा नाही, असा शिरस्ता ठेवत असे. नगरसेवक चिडायचे. “आमच्याच गल्लीवर लाल रेघ का, साहेब?” हा प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला असेल. प्रश्नकर्त्यांनी आपल्या नगरपरिषदेला एवढेच विचारावे : भुयारी गटार किंवा पाण्याची कोणती योजना मंजुरीत आहे आणि तिच्या आराखड्यात कोणते रस्ते येतात? हा आराखडा माहितीच्या अधिकारात मिळतो. अर्जाला १० रुपये लागतात आणि नुसती पाहणीही मागता येते.

रस्ता चांगला झाला की वाईट, हे पाहायचे ठिकाण म्हणजे मोजमाप पुस्तक. कार्यालयात त्याला ‘एमबी’ म्हणतात. एका ठिकाणी एका काँक्रीट रस्त्याचे देयक माझ्यासमोर आले. पुस्तकात जाडी २० सेंटिमीटर लिहिलेली होती, शाखा अभियंत्याची सही होती. मी तीन जागी कोअर, म्हणजे यंत्राने भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना, काढायला लावला. यंत्रातून निघालेले दंडगोल ओलेच होते. ते हातगाडीवर आडवे ठेवून पट्टी लावली तर एक साडेसोळा, एक सोळा आणि कडेचा चौदा. ठेकेदार म्हणाला, “साहेब, खालची गिट्टी धरली तर वीस भरते.” गिट्टीचे पैसे वेगळ्या बाबीत आधीच लावलेले होते. देयक कमी करून दिले आणि कोअरचे तिन्ही तुकडे वर्षभर टेबलाखाली ठेवले. सांगायचे ते असे की नागरिक निविदेच्या रकमेवर ओरडतात आणि मोजमापाकडे कोणी बघत नाही, तर गळती बहुतेक वेळा मोजमापात असते. मोजमाप पुस्तकाची प्रत, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल आणि दोषदायित्व कालावधी किती हे तीन कागद मागा. दोषदायित्व कालावधी चालू असताना रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि त्याची सुरक्षा ठेव त्यासाठीच अडकवलेली असते.

अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास विशेष सभेत मंजूर होते आणि दुसऱ्या दिवशी ‘इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक’ अशी बातमी येते. त्या बातमीला काडीचा अर्थ नसतो. कायद्याने अंदाजपत्रक शिलकीच दाखवावे लागते, म्हणून जमेची बाजू फुगवतात. वाचायचे असेल तर तीन रकाने शेजारी ठेवून वाचावे : मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाची सुधारित आणि पुढील वर्षाची अंदाजित. गाळ्यांच्या अनामतीत किंवा ‘इतर किरकोळ जमा’ या ओळीत तिसऱ्या रकान्याचा आकडा पहिल्याच्या कित्येक पट दिसला, तर समजावे की खर्चाच्या बाजूला लिहिलेली तेवढ्या रकमेची कामे होणार नाहीत. आरंभीची शिल्लक मोठी दिसते तीही फसवी असते, कारण तिच्यात खर्च न झालेली योजनांची अनुदाने पडलेली असतात आणि त्यांना पुन्हा आपापले नाव असतेच.

घरपट्टीबद्दल थोडक्यात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीची मुदत असते. हरकत घेतली तर सुनावणी मिळते. मुदत गेल्यावर घेतलेली हरकत ही केवळ नाराजी ठरते. बिलावरचे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे असतात, नगरपरिषद ते फक्त गोळा करते, त्यामुळे त्यांच्यावरून नगरसेवकाशी भांडू नये. क्षेत्रफळ आणि वापर बरोबर लावला आहे का, एवढे तपासावे. मी पाहिलेल्या चुकांपैकी बहुतेक या दोन रकान्यांतल्याच होत्या. पोटमाळ्याला पूर्ण मजला धरलेला असतो किंवा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीला अजून व्यापारी दर चालू असतो.

कचरा शुल्काचा प्रश्न उपविधीचा आहे. लोक ‘नगरपालिकेचा कायदा’ असे म्हणतात, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. अधिनियम विधिमंडळाचा. नियम राज्य शासनाचे. उपविधी नगरपरिषद करते, पण मसुदा प्रसिद्ध करून, हरकती मागवून आणि वरून मंजुरी घेऊनच. चौथी गोष्ट म्हणजे साधा ठराव. ठरावाने काम मंजूर करता येते, धोरण सांगता येते, पण नागरिकाला दंड लावता येत नाही. दंडाच्या मागे अधिनियम किंवा मंजूर उपविधी असावा लागतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करून वापरकर्ता शुल्क आणि जागेवर दंड आकारण्यास सांगितले. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी शासनाने दिलेला नमुना नावगाव बदलून जसाच्या तसा मंजूर झाला. मी स्वतः असा एक मसुदा पाहिला आहे, ज्यात समुद्रकिनाऱ्यावर कचरा टाकण्याचा दंड होता आणि ते गाव समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत होते. हरकतींच्या मुदतीत एकही हरकत आली नव्हती. म्हणजे तो मसुदा सभागृहातही कोणी वाचला नव्हता आणि गावातही. शुल्काला हरकत घ्यायची असेल तर पहिला प्रश्न हाच की उपविधी मंजूर होऊन राजपत्रात आला आहे का आणि कोणत्या तारखेला. तारखेच्या आधीचे शुल्क लावले असेल तर ते टिकत नाही.

बागेच्या आरक्षणाची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. विकास योजना, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होते आणि साधारण वीस वर्षांनी तिची सुधारणा करायची असते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्या सुनावणीला येतात ते सगळे जमीनमालक. ज्यांच्या मुलांना ती बाग मिळणार असते त्यांच्यातले कोणीही येत नाही. एका सुनावणीत एक आजी सातबारा पदराच्या गाठीत बांधून आल्या होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, “बाग करा, पण करणार असाल तर लवकर करा, नाहीतर मला तरी विकू द्या.” आरक्षणाच्या साऱ्या कायद्याचा पेच त्या एका वाक्यात होता.

कारण आरक्षण टाकणे फुकट असते आणि जमीन घेणे फार महाग. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरी हद्दीतही दुप्पट. वाढत्या गावात अर्ध्या एकराची किंमत नगरपरिषदेच्या वर्षभराच्या मोकळ्या पैशाला गिळून टाकते, आणि मघाशी सांगितलेल्या नावाच्या अनुदानांपैकी जमिनीसाठी येणारे जवळजवळ कोणतेच नसते. पैशाऐवजी विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देता येतो. हा दुसरीकडे जास्तीचे बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क. गावठाणाबाहेर जमिनीच्या क्षेत्राच्या दुप्पट. मोठ्या शहरात मालक तो आनंदाने घेतो. लहान गावात तो कागद विकत घेणारा कोणी नसतो, कारण तिथे लोकांनी मूळचा १.१० चटईक्षेत्र निर्देशांकही, म्हणजे भूखंडाच्या १.१० पट बांधकामाची मुभाही, पुरती वापरलेली नसते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने नियम जवळपास सगळीकडे सारखे केले, पण बाजार सारखा करणे नियमावलीच्या हाती नव्हते. त्यातच नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर साधारणपणे टीडीआर चढवता येत नाही, आणि जुन्या गावात नऊ मीटरचे रस्ते बोटांवर मोजावेत इतकेच.

मग जमीन पडून राहते. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षे गेली की मालक त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस, देऊ शकतो. ती बजावल्यापासून २४ महिन्यांत भूसंपादनाची खरी पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. नुसता ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवून ‘पाऊल उचलले’ असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात स्पष्ट केले आहे. तरीही अनेक नगरपरिषदांत खरेदी सूचनेला उत्तर म्हणून तेवढेच केले जाते. कधी अज्ञानाने. कधी आरक्षण गेलेले कोणाला तरी हवे असते म्हणून. आवक-बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत, नोंद झालेली खरेदी सूचना सहा-सहा महिने सभेपुढे येतच नाही, असे झालेले मी पाहिले आहे.

म्हणून प्रश्नकर्त्यांनी बागेबाबत दोन गोष्टी आजच विचाराव्यात. या आरक्षणावर कलम १२७ ची सूचना आली आहे का आणि कोणत्या तारखेला. आणि गेल्या पाच वर्षांत विकास शुल्कापोटी किती रक्कम जमा झाली व त्यातली किती विकास योजनेतल्या जागा घेण्यासाठी वापरली. विकास शुल्क हे विकास योजनेच्या अंमलबजावणीसाठीच घ्यायचे असते. म्हणजे बागेचे नाव लिहून आलेला थोडा पैसा नगरपरिषदेत खरोखरच येतो. तो पंपांच्या वीजबिलात गेलेला असेल तर उत्तर द्यायला लेखापालाला जड जाईल, पण उत्तर द्यावे लागेल.

राहिली मंडई. इथे जमीन नगरपरिषदेचीच असल्यामुळे संपादनाचा प्रश्न नाही आणि म्हणूनच अशा कामांवर सगळ्यांचा डोळा असतो. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर विकासक खालचा ओटा भाजीवाल्यांना देतो आणि वरचे गाळे दीर्घ मुदतीने विकल्यासारखे देऊन पैसे काढतो. कागदावर नगरपरिषदेला एक पैसाही लागत नाही. प्रत्यक्षात तिने गावातल्या सर्वांत मोक्याच्या जागेचे पुढच्या तीस वर्षांचे भाडे आज सोडलेले असते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्यावर १९६५ च्या अधिनियमाचे कलम ९२ आणि १९८३ चे नियम लागू आहेत, आणि दीर्घ मुदतीचा पट्टा सभागृहाच्या एकट्याच्या ठरावाने होत नाही. ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्जाबरोबर ठरावाची प्रत जोडली तर तो अर्ज वाचला जातो, नुसते निवेदन दिले तर ते पुढे पाठवले जाते.

हा विषय सभेत कसा येतो तेही पाहा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सात दिवस आधी निघते आणि ती नगरपरिषदेच्या फलकावर लागते. मंडईसारखा विषय पत्रिकेत असला तर पहिला दिलासा. तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीखाली आला, तर तो गावाला वाचायला वेळ मिळू नये म्हणूनच आलेला असतो, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. निवडून आलेले सभागृह नसून शासनाचा प्रशासक असतानाच्या काळात तर चर्चा हा प्रकारच नव्हता. प्रशासक म्हणजे सभा आणि प्रशासक म्हणजेच अंमलबजावणी. त्या काळातले मालमत्तेविषयीचे ठराव नव्या सभागृहाने एकदा काढून वाचावेत.

आणि मंडई पाडण्याच्या चर्चेत जो कागद सर्वांत आधी तयार व्हायला हवा तो नेहमी शेवटी होतो, ती म्हणजे आज तिथे बसणाऱ्यांची यादी. गाळेधारकांची नावे भाडे नोंदवहीत असतात. ओट्यावर बसणाऱ्यांची पावतीवर नुसती बाजार फी असते, नाव नसते. बाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांची तर कुठेच नोंद नसते, आणि संकुल उभे राहिल्यावर त्या अतिक्रमण ठरतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण करणे आणि शहर फेरीवाला समिती नेमणे बंधनकारक आहे. त्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. प्रश्नकर्त्यांनी निविदा निघण्याआधी एक सकाळ काढावी, शक्यतो बाजाराचा दिवस नसलेली, आणि दोन विक्रेत्यांना बरोबर घेऊन मंडईत कोण कुठे किती वर्षे बसते हे वहीत लिहावे. ती वही, समितीचे शेवटचे इतिवृत्त आणि लेखी अर्ज एकत्र करून आवक विभागात द्यावेत आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.